दासीपण उसने घेणाऱ्या नायिका

रोमँटिक कादंबरीतील स्त्री या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ही स्त्री बाहुली आहे, ती पुरुषाच्या स्वप्नातून निघाली आहे, तिच्या रूपाच्या वर्णनात तिचे मन हरवून जाते, असे आक्षेप घेऊन झाले आहेत. आणि ते खरेही आहेत. परंतु आक्षेप घेणारा समीक्षक आणि त्याच्या समोरची कादंबरी, दोघेही एकाच माजघरात बसलेले असतात. दोघांची नजर नायिकेवरून हलत नाही. तिच्यावर अन्याय झाला की नाही, एवढाच काय तो वाद. त्या माजघराच्या मागच्या दाराशी कोण उभे आहे, हे दोघांनाही दिसत नाही. मी या लेखाची सुरुवात मागच्या दारापासून करणार आहे. माझ्या आजीला वाड्याचे तेवढेच दार माहीत होते.

मी कॉलेजात असताना वि. स. खांडेकरांची 'ययाति' वाचली. 1959 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. तिला 1960 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले आणि 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. आमच्या वसतिगृहात ती हातोहात फिरत होती. शर्मिष्ठेसाठी मी रडले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. सुटीत घरी गेले तेव्हा आजीला ती गोष्ट सांगितली. राजाची मुलगी, मैत्रिणीशी भांडण झाले, बापाच्या राज्यासाठी तिने त्याच मैत्रिणीचे दासीपण पत्करले, आणि दासी म्हणून तिच्या सासरी गेली. आजी निवडणं निवडत होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग बाई, ही यायच्या आदी त्या घरचं काम कोन करीत व्हतं?"

मला उत्तर देता आले नाही. आजीने टोमणा मारला नव्हता. तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या गोठ्याचे शेण काढले होते आणि वरून टाकलेली भाकर पदरात झेलली होती. कुठल्याही घराची गोष्ट ऐकताना त्या घरचे पाणी कोण भरते हा प्रश्न तिला पहिल्यांदा सुचणे स्वाभाविक होते. अस्वाभाविक होते ते हे, की चारशे पानांची कादंबरी वाचून मला तो सुचला नव्हता. माझे अश्रू मला कोणी शिकवले, हा विचार तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे.

1

प्रथम मूळ कथेकडे पाहू. महाभारताच्या आदिपर्वात देवयानी शुक्राचार्यांची, म्हणजे ब्राह्मण गुरूची मुलगी आहे आणि शर्मिष्ठा असुरराज वृषपर्व्याची. जलक्रीडेच्या वेळी वस्त्रांची अदलाबदल होते, भांडण होते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. गुरू राज्य सोडून जाईल या भीतीने राजा शरण येतो. तेव्हा देवयानी जी मागणी करते ती नीट वाचली पाहिजे. एक हजार कन्यांसह शर्मिष्ठा माझी दासी व्हावी आणि माझे लग्न होईल तेथे तिने माझ्यामागून यावे, अशी ती मागणी आहे.

एक हजार! शर्मिष्ठेचे दासीपण ही शोकांतिका ठरली. तिच्यावर काव्ये, नाटके, कादंबऱ्या झाल्या. पण त्या हजार जणींचे काय? त्यांनी कोणाला विहिरीत ढकलले नव्हते. त्यांच्या बापांचे राज्य नव्हते, म्हणून ते वाचवण्याचा त्याग त्यांच्या नावे जमा झाला नाही. त्यांना नावेही नाहीत. एका राजकन्येच्या अपमानाची किंमत मोजताना हजार मुली सुट्या पैशासारख्या खाली ओतल्या जातात आणि कथा पुढे जाते. या हजार जणींमुळे महाभारत एका अर्थी प्रामाणिक राहते, असे माझे मत आहे. निदान तेथे आकडा आहे. आधुनिक रोमँटिक कादंबरी तो आकडाही ठेवत नाही.

खांडेकर हे शोषकांचे लेखक नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. शिरोड्यासारख्या लहान गावात वर्षानुवर्षे शिक्षकी केलेल्या या लेखकाची दीनदुबळ्यांबद्दलची कळकळ खरी होती. भोगाच्या मागे धावणाऱ्या आधुनिक माणसाला आरसा दाखवावा, या हेतूने त्यांनी 'ययाति' लिहिली. म्हणूनच ही कादंबरी तपासण्याजोगी आहे. दुष्ट हेतूने लिहिलेल्या पुस्तकाचा दोष लेखकाच्या माथी मारून मोकळे होता येते. चांगल्या हेतूने लिहिलेल्या पुस्तकात जो दोष राहतो, तो त्या साहित्यप्रकाराच्या रक्तातला असतो.

'ययाति'त निवेदन तिघांकडे आहे: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. तिघेही 'मी' म्हणतात. राजा, ब्राह्मणकन्या आणि राजकन्या. आता या कादंबरीतल्या ज्या स्त्रिया 'मी' म्हणत नाहीत त्यांच्याकडे पाहा. मुकुलिका ही दासी आहे. राजपुत्राला स्त्रीदेहाची पहिली ओळख तिच्याकडून होते आणि पुढे तिला महालातून घालवले जाते. अलका ही ययातीला पाजून वाढवणाऱ्या दाईची मुलगी. तिचे केस सोनेरी आहेत, ती गोड आहे, ती ययातीवर जीव टाकते, आणि राजमातेच्या आज्ञेने तिचाच जीव घेतला जातो. अलकेचा मृत्यू आपल्याला कळतो तो ययातीच्या तोंडून. त्याच्या मनावर झालेला घाव म्हणून. तिचा सोनेरी केस त्याच्या आठवणीत राहतो. तिच्या आईने आपले दूध राजाच्या मुलाला पाजले आणि त्याच राजघराण्याने तिची मुलगी मारली. त्या आईच्या रात्री कशा गेल्या, हे कादंबरी विचारत नाही. खरी शोकांतिका तेथे आहे. परंतु तेथे प्रेमकथा नाही, म्हणून रोमँटिक प्रतिभेला ती शोकांतिका वाटत नाही.

तीन दासी: एक भोगली जाते, एक मारली जाते, एक आठवणीत राहण्याजोगे दुःख भोगते. तिघींपैकी 'मी' म्हणण्याचा हक्क फक्त तिसरीला आहे, कारण ती मुळात दासी नाही. तिचे दासीपण हे वस्त्र आहे. आत राजकन्या आहे आणि वाचकाला ती सतत दिसत राहते. इतकेच नव्हे, तर तिच्या पोटचा पुरू शेवटी राज्याचा वारस होतो. दासीपण संपते ते दासी मुक्त होते म्हणून नव्हे. ती दासी नव्हतीच हे सिद्ध होते म्हणून.

यातून माझे म्हणणे असे आहे. रोमँटिक कादंबरी गुलामगिरीचे दुःख नायिकेसाठी उसने घेते आणि ज्या स्त्रीकडून ते घेतले तिला दाराबाहेर ठेवते. उसनवारीचा हा व्यवहार इतका गोड असतो की आपण, दाराबाहेरच्या घरांतून आलेल्या मुलीसुद्धा, नायिकेसाठी रडतो.

2

हा दोष मराठीपुरता किंवा पुराणकथांपुरता आहे, असे कोणी समजू नये. पुढे एम्. ए.ला इंग्रजी घेतल्यावर मी शार्लट ब्रॉन्टेची 'जेन एअर' वाचली. 1847 साली करर बेल या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली ही कादंबरी म्हणजे स्वाभिमानी नायिकेचा आदर्श मानली जाते, आणि तो मान खोटा नाही. अनाथ, गरीब, दिसायला साधी अशी ही मुलगी शिक्षिका होते, वर्षाला तीस पौंडांवर थॉर्नफील्डच्या हवेलीत नोकरी धरते, आणि मालकाच्या डोळ्याला डोळा भिडवून मी तुमच्या बरोबरीची आहे असे बजावते. त्या काळच्या इंग्रजी समाजात हे धाडसच होते. शाळेत मागच्या बाकावर बसलेल्या माझ्यासारखीला तर जेन आपलीच वाटते.

पण 'गुलाम' हा शब्द या कादंबरीत कोठे कोठे येतो ते पाहा. पहिल्याच प्रकरणात जेन आपल्या मारकुट्या मामेभावाला गुलामांवरच्या मुकादमाची उपमा देते. लाल खोलीत कोंडायला नेताना ती स्वतःची तुलना बंड केलेल्या गुलामाशी करते. लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला दागिन्यांनी मढवू लागतो आणि थट्टेत जनानखान्याची गोष्ट काढतो, तेव्हा मी तेथे जाऊन तुमच्या त्या गुलाम बायकांना स्वातंत्र्याचा उपदेश करीन, असे ती सुनावते. जेनचे बंड ज्या भाषेत बोलते ती भाषा गुलामाची आहे. मग खरा गुलाम या कादंबरीत कोठे आहे?

तो जमैकात आहे. रॉचेस्टरची पहिली बायको बर्था मेसन जमैकाच्या स्पॅनिश टाउनची. तिचा बाप मळेवाला आणि व्यापारी. धाकट्या मुलाला जमिनीचा वाटा द्यायचा नाही म्हणून रॉचेस्टरच्या बापाने तीस हजार पौंड हुंड्यासाठी हे लग्न जुळवले. बर्थाचे लग्न झाले त्या काळी जमैकातील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या श्रमावर उभे होते. ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा 1833 मध्ये केला, तो 1 ऑगस्ट 1834 पासून अमलात आला, आणि शिकाऊ कामगारीच्या नावाखाली सक्तीचे श्रम पुढे 1838 पर्यंत चालले. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. ते कोणाला मिळाले? गुलामांच्या मालकांना. गुलामांना एक पेनीही मिळाली नाही. आपल्याकडे वतने खालसा होताना कोणाच्या नुकसानीचा विचार आधी झाला, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या न्यायाचे नवल वाटणार नाही.

हे सर्व कादंबरीच्या बाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल. तसे ते नाही. जेनला मदिरा बेटावरच्या काकाकडून वीस हजार पौंडांचा वारसा मिळतो. हा काका जमैकाच्या त्याच मेसन घराण्याच्या पेढीचा मदिरा येथील व्यापारी प्रतिनिधी होता, असे कादंबरीच सांगते. मिळालेल्या पैशाचे जेन चार समान वाटे करते, पाच हजार पौंड स्वतःला ठेवते आणि बाकीचे तीन भावंडांना देते. वाचक तिच्या न्यायबुद्धीने भारावून जातो. मीही भारावले होते. परंतु ज्यांच्या घामाचा वास त्या पैशाला लागला होता त्यांचा पाचवा वाटा जेनच्या मनात येत नाही, लेखिकेच्या मनात येत नाही, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत फार थोड्या वाचकांच्या मनात आला असेल. नायिका स्वतंत्र होते ती या पैशावर. स्वतंत्र झाली म्हणूनच ती आंधळ्या रॉचेस्टरकडे बरोबरीच्या नात्याने परत जाऊ शकते.

कळस आहे तो रॉचेस्टरच्या कबुलीजबाबात. लग्न मोडल्यावर तो जेनला आपली सगळी कहाणी सांगतो: जमैका, हुंडा, वेडी बायको, मग युरोपात ठेवलेल्या एकामागून एक बायका. आणि त्याच प्रकरणात तो म्हणतो की बाई ठेवणे हे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल वाईट आहे. ज्याची संपत्ती मळेवाल्याच्या हुंड्याने वाढली तो माणूस गुलामगिरीला उपमा म्हणून वापरतो आणि त्याच्या तोंडाला चटका बसत नाही! उपमा होऊन आलेली गुलामगिरी कोणालाच चटका देत नाही. त्यासाठीच तिला उपमा करतात.

आणि बर्था? कादंबरीत तिला बोलणे नाही, हसणे आणि गुरगुरणे आहे. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली ती बाई माणूस आहे की जनावर हे चटकन कळू नये अशा शब्दांत तिचे वर्णन येते. शेवटी ती घराला आग लावते आणि छपरावरून उडी घेऊन मरते. तिच्या मरणाने नायिकेचा मार्ग मोकळा होतो. मळेवाल्याची मुलगी असूनही परक्या बेटावरची म्हणून तिची ही गत. मग तिच्या बापाच्या मळ्यावर राबणाऱ्या काळ्या बाईला या कादंबरीत जागा कोठून मिळणार?

3

बर्थाला न्याय मिळाला तो 1966 साली. जीन ऱ्हीस ही कॅरिबियनमधील डोमिनिका बेटावर जन्मलेली गोरी लेखिका. तिने 'वाइड सरगॅसो सी' या कादंबरीत बर्थाचे आधीचे आयुष्य लिहिले. तेथे तिचे नाव ॲन्टॉनेट आहे. बर्था हे नाव नवऱ्याने तिच्यावर लादलेले आहे. तिला बालपण आहे, भीती आहे, प्रेम आहे, आणि मुख्य म्हणजे 'मी' आहे. माडीवरच्या वेडीला माणूस करणारे हे पुस्तक मोठे आहे, यात शंका नाही.

पण आजीचा प्रश्न घेऊन मी या पुस्तकाकडेही गेले. घरचे काम कोण करीत होते? तेथे ख्रिस्तोफीन आहे. मार्टिनिकची ही काळी बाई ॲन्टॉनेटच्या आईला लग्नात भेट म्हणून मिळालेली आहे. मी ते वाक्य वाचून पुस्तक मिटले. लग्नात बाई भेट! आपल्याकडे याला शब्द आहे: आंदण. गाय, भांडी, दागिने यांच्याबरोबर नवरीमागून दासी पाठवायची. देवयानीने मागितले तेच. दोन खंड आणि हजारो वर्षे ओलांडूनही व्यवहार तोच आहे आणि तो दोन्हीकडे लग्नाच्या मांडवातच होतो, हे रोमँटिक कादंबरीच्या अभ्यासकाने विसरू नये.

ख्रिस्तोफीन शहाणी आहे, नवऱ्याला तोंडावर खरे सुनावणारी ती एकटीच आहे. पण सुनावून झाल्यावर ती कादंबरीतून निघून जाते आणि तिचे पुढे काय झाले ते कळत नाही. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी 1985 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ख्रिस्तोफीनच्या या निघून जाण्याकडे लक्ष वेधले होते. मी आणखी दोघींकडे बोट दाखवीन. टिया ही ॲन्टॉनेटची काळी बालमैत्रीण. घर जळते त्या रात्री ती ॲन्टॉनेटला दगड मारते आणि दोघी एकमेकींकडे पाहत राहतात. एकीच्या चेहऱ्यावर रक्त, दुसरीच्या डोळ्यांत पाणी. ॲन्टॉनेटला त्या क्षणी टिया आपले प्रतिबिंब वाटते. टियाला काय वाटले? तिने दगड का उचलला? अमेली ही मोलकरीण. मालक बायकोला दुखवण्यासाठी तिच्याशी निजतो आणि सकाळी पैसे देऊन तिला वाटेला लावतो. मुकुलिका आणि अमेली यांनी एकमेकींचे नाव ऐकलेले नाही, पण दोघींना एकाच साच्यातून काढले आहे.

म्हणजे न्यायाची एक पायरी चढली जाते आणि खालची पायरी तशीच अंधारात राहते. जेनने 'मी' म्हटले तेव्हा बर्था मुकी होती. बर्था बोलू लागली तेव्हा टिया मुकी राहिली. वरच्या स्त्रीची मुक्ती आपोआप खालच्या स्त्रीपर्यंत झिरपते, असे मानणाऱ्या स्त्रीवादाने या दोन कादंबऱ्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात.

4

परत आपल्याकडे येऊ. दासी ही आपल्या इतिहासातली काव्यकल्पना नव्हती. पेशवाईत कुणबिणींची आणि बटकींची खरेदी-विक्री होत होती. त्या बक्षीस म्हणून दिल्या जात. कंपनी सरकारच्या 1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली, म्हणजे 'जेन एअर'च्या केवळ चार वर्षे आधी. महात्मा फुल्यांनी 1873 साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. जोतीरावांनीही गुलामगिरी हा शब्द दुसऱ्या देशातून घेतला. पण उसनवारी आणि नाते जोडणे यांत फरक आहे. रोमँटिक लेखक गुलामाचे दुःख घेतो आणि गुलामाला विसरतो. जोतीराव गुलामाला पहिल्या पानावर आणून बसवतात आणि मग आपल्या शूद्रातिशूद्रांबद्दल बोलतात. तुलना करण्याचा नैतिक हक्क असा मिळवावा लागतो.

आणि मग एके दिवशी मागच्या दारातली बाई स्वतःच लिहू लागली. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणला लहानसे किराणा दुकान चालवणारी ही बाई पुडीच्या कागदावरचा मजकूर वाचत वाचत लिहिती झाली, आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहीत राहिली. या पुस्तकात महार बायका ब्राह्मण आळीत जळणाच्या मोळ्या विकायला जातात. घरची बाई दुरूनच बजावते, की लाकडाला तुमच्या केसाचा नाहीतर लुगड्याच्या धाग्याचा विटाळ राहिलेला नाही ना, ते नीट पाहा. मग या बायका एकेक लाकूड तपासतात.

हे अंगण आपण शेकडो मराठी कादंबऱ्यांतून पाहिले आहे. त्यात तुळशीवृंदावन असते, जाईचा वेल असतो, खिडकीत नायिका उभी असते आणि तिच्या मनातली हुरहूर पानेच्या पाने चाललेली असते. त्या घरची चूल ज्या लाकडावर पेटत होती ते कोणाच्या डोक्यावरून आले, हे बेबीताईंच्या पुस्तकाने सांगितले. अलकेचा सोनेरी केस राजाने आठवण म्हणून मनात जपला; लाकडाला चिकटलेला आमच्या बायकांचा केस विटाळ म्हणून शोधला गेला. केसाचेही दोन इतिहास असतात. सौंदर्यशास्त्राने त्यांतल्या एकाचाच अभ्यास केला.

आणखी एक गोष्ट. बेबीताईंनी पुस्तकाला 'जिणं माझं' असे नाव दिले नाही. रोमँटिक नायिकेचा 'मी' मिळवण्यासाठी शेजारच्या बाईला मुके करावे लागते. बेबीताईंचा 'मी' बोलू लागतो तेव्हा त्याचा 'आम्ही' होतो. ज्या हजार जणींना महाभारताने आकडा दिला आणि नाव दिले नाही, त्यांची भाषा या 'आमुचं'मध्ये मला ऐकू येते.

पण बेबीताई आपल्यालाही सोडत नाहीत, आणि या ठिकाणी आपण दुसऱ्यांवर उगारलेले बोट स्वतःकडे वळवले पाहिजे. सासुरवाशिणीच्या पायात लाकडाचा खोडा घालणारे घर महारवाड्यातलेच होते, हे त्यांनी लिहिले. आपल्या कवितेत आणि आत्मकथनात स्त्री कशी येते? आई येते, ती राबते, उपाशी राहते, मुलाला शिकवते, आणि आपण तिला महामाता करून मोकळे होतो. तिला कंटाळा आला का, तिला कोणी आवडला होता का, बापाने मारले त्या रात्री ती काय बोलली, हे आपण विचारत नाही. अण्णा भाऊ साठे यांनी 'वैजयंता'त तमाशात नाचून पोट भरणारी स्त्री नायिका केली, हे मराठी कादंबरीतले मोठे पाऊल होते; पण आपल्या नायिकांच्या शीलाची ग्वाही देत राहण्याची गरज अण्णा भाऊंनाही वाटत राहिली. ज्या समाजाने तिचे शील गृहीतच धरले नाही त्याच्यापुढे ही ग्वाही का लागते ते मला कळते. तरीही प्रश्न उरतो. देवी करणे हीसुद्धा मुके करण्याचीच एक रीत आहे.

मी प्रेमकथेच्या विरुद्ध आहे, असा यातून कोणी अर्थ काढू नये. बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या न झालेल्या भाषणात आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय सांगितला. प्रेम ही आपल्यासाठी फावल्या वेळची गोष्ट नाही. 2014 साली नगर जिल्ह्यातील खर्डा येथे वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला. ज्या देशात प्रेमासाठी जीव जातो तेथे प्रेमाची कादंबरी लिहिणे ही जबाबदारीची गोष्ट आहे. म्हणून आपल्या मुलामुलींनी प्रेमाच्या कादंबऱ्या जरूर लिहाव्यात. ऊर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये (2003) आपले प्रेम, लग्न, नोकरी, शिक्षण आणि शिकण्यावरून घरात झालेली कुरबूर, हे सर्व एका सुपात घालून पाखडले. प्रेमाबरोबर स्वयंपाकघरही लिहिता येते, आणि तसे लिहिल्याने प्रेम कमी होत नाही, हे त्या पुस्तकाने दाखवले.

माझी अट एकच आहे आणि ती माझी नाही, आजीची आहे. तुमच्या कादंबरीत दोघे प्रेमात पडतील तेव्हा त्या घरी पाणी कोण भरते ते लिहा. तिला नाव द्या. ती बोलत असेल तर मध्ये बोलू नका.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. गेल्या वर्षी मी 'ययाति' पुन्हा वाचली. शर्मिष्ठेचे दुःख मला आजही खोटे वाटले नाही. फक्त या वेळी मी वाचता वाचता अलकेच्या आईपाशी थांबले, आणि बराच वेळ पान उलटले नाही.